कपाटाचा वानप्रस्थाश्रम

चौऱ्याऐंशी लक्ष योनींत लोखंडी कपाटाची गणना नाही, ही त्या यादीतली मोठीच उणीव म्हटली पाहिजे. कारण पुनर्जन्म पाहावा तर कपाटाचा! पहिला जन्म नवरीबरोबर नाहीतर साहेबाबरोबर जातो, दुसरा माळ्यावरच्या अडगळीत, आणि पूर्वसुकृत थोर असेल तर तिसरा एखाद्या गॅरेजात, ग्रीसच्या डब्यांच्या आणि पान्यांच्या सत्संगात. सुकृत कमी पडलं की भंगारवाल्याचा तराजू. आमचं घर पेणला आणि सोयरीक थेट रोह्यापर्यंत पसरलेली, त्यामुळे या पट्ट्यातली निदान डझनभर कपाटं मी घरच्या माणसांसारखी ओळखतो.

इतिहास म्हटला की आधी व्युत्पत्ती. 'कपाट' म्हणजे संस्कृतात नुसतं दार. आत काही ठेवायची सोय त्या शब्दात नाही. उलट नागपूरकडचे लोक ज्याला आलमारी म्हणतात तो शब्द पोर्तुगीज. त्याचं मूळ लॅटिन 'आर्मारियम', आणि त्याच्याही पोटात 'आर्मा', म्हणजे हत्यारं. शब्दाच्या कुळाकडे पाहिलं तर अलमारी ही साड्यांची नव्हेच, अवजारांचीच! आता गंमत पाहा. रोह्याची कुंडलिका जिथं समुद्राला मिळते त्या रेवदंड्याला पोर्तुगीज १५२१ पासून १७४० पर्यंत ठाण मांडून होते. समोरच्या कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली आजही बोलतात. म्हणजे हा शब्द एखाद्या भरतीला होडीत बसून रोह्याला यायला काही हरकत नव्हती. पण आम्ही म्हणत राहिलो कपाटच.

लोखंडी कपाट मात्र मुंबईहून आलं. अर्देशर गोदरेज हे मूळचे वकील. झांझिबारला वकिली करायला गेले आणि अशिलासाठी खोटं बोलवेना म्हणून परतले. (या कारणासाठी वकिली सोडणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.) मग शस्त्रक्रियेची हत्यारं बनवू लागले. गिऱ्हाइकाला हत्यारं पसंत होती, पण त्यावर हिंदुस्थानात बनवल्याचा शिक्का नको होता. अर्देशर शिक्का सोडीनात, धंदा सुटला. शेवटी १८९७ साली लालबागला कुलपं करायला घेतली. १९०२ मध्ये तिजोऱ्या आल्या आणि १९२३ मध्ये पोलादी कपाट. साडेसहा फूट उंची, तीन फूट रुंदी आणि एक मूठ फिरवली की वर, खाली नि बाजूला एकदम सरकणारे दांडे. पुढं गावोगावच्या कारागिरांनी तसलीच कपाटं घडवली, पण 'गोदरेज' हे कपाटाचं आडनाव न राहता नावच होऊन बसलं. आमच्याकडे 'लोकल गोदरेज' असा शब्दप्रयोग कुणालाही खटकत नाही.

या कपाटांत दोन वर्ण. एक घरचं, आरसेवालं. दुसरं कचेरीतलं, करड्या नाहीतर शेवाळी रंगाचं आणि पाठीवर डेडस्टॉकचा नंबर गोंदलेलं. या गोंदणाला इतिहासकारानं शिलालेखाचा मान द्यावा. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण कपाटाची पाठ भिंतीकडे, तिथं कोण बघतो? लिलावात निघालेल्या एका कपाटामागे 'जि. कुलाबा' ही अक्षरं मी स्वतः वाचली आहेत. सरकारी भाषेत अशा कपाटाचं 'निर्लेखन' होतं. म्हणजे वहीतून ते मरतं, आणि हातगाडीवर चढून बाहेर पडल्यावर खऱ्या अर्थानं कामाला लागतं.

कारण धाटावला औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून रोह्यात वेल्डिंगवाले, मोटार दुरुस्तीवाले, वाइंडिंगवाले पुष्कळ झाले आणि या मंडळींना नवं कपाट परवडत नाही. माझा भाचा त्यांतलाच. त्याच्या मते कपाटाचा शत्रू चोर नव्हे, तळाचा पत्रा. आमच्या हवेत मीठ, जमिनीला चार महिने ओल. गंज नेहमी पायाकडून चढतो. म्हणून आधी तळ कापून नवा पत्रा डागायचा, तारेच्या ब्रशनं घासून रेडऑक्साइडचा हात द्यायचा आणि सगळं धूड विटांवर चढवायचं. फळ्या साड्यांच्या मापाच्या, त्यांना खालून अँगल मारायचे. जॅक, व्हाइस असलं जड सामान तळाला. वर ठेवलंत आणि दोन्ही दारं उघडलीत, तर कपाट पुढं वाकून तुम्हालाच साष्टांग नमस्कार घालतं. त्यासाठी मागून भिंतीला पट्टीनं आवळायचंच. हत्यारांच्या खणात कापराची वडी. आणि संडासात ओतायचं ॲसिड त्या कपाटात कधी नाही, बाटलीचं बूच घट्ट असलं तरी त्याची वाफ रातोरात पान्यांवर तांबेरा चढवते.

हे सगळं ज्ञान त्याला ज्या कपाटावर मिळालं ते माझ्या आक्काचं. आक्का नागोठण्याला दिलेली. लग्नात वडिलांनी कपाट दिलं, तेव्हा वऱ्हाड नवऱ्यामुलापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होतं. जुलै १९८९ मध्ये अंबा नदी गावात शिरली. त्या पुरानं जांभूळपाडा आणि नागोठण्याकडचे किती संसार नेले ते या भागात अजून सांगावं लागत नाही. आक्काची माणसं वाचली. चौथ्या दिवशी मी पोचलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि त्यात कपाट तेवढं उभं. कुलपात गाळ बसलेला, किल्ली फिरेना. आक्का म्हणाली, "दादा, फोड." पहार लावली तेव्हा पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत सातबारा, पोरांचे दाखले, लग्नातला एकुलता एक फोटो, सगळं ओलंगच्च. ते आम्ही साडीच्या काठासारखं दोरीवर वाळत घातलं. फोटोतले मेव्हणे विरघळले, आक्का राहिली. कागद मात्र पुढं जमिनीच्या कामाला पुरले.

पहारीनं चेपलेलं दार घरात शोभेना, म्हणून कपाट पडवीत गेलं आणि भाच्यानं गॅरेज काढलं तेव्हा रोह्याला. भिसे खिंड त्यानं टेम्पोत उभ्यानं ओलांडली. भाच्यानं ते सबंध निळं रंगवलं, फक्त बाजूच्या पत्र्यावर छातीएवढ्या उंचीवर गाळाची एक आडवी रेघ होती, ती तशीच ठेवली. गिऱ्हाईक विचारतं, "इथला रंग राहिला का हो?" तो "हो" म्हणतो. आक्का गॅरेजात आली की स्टुलावर बसते आणि कंबरेची किल्ली चाचपते. कुलूप जाऊन इतकी वर्षं झाली, किल्ली तिथंच आहे.

आमच्या पेणेतही तिसऱ्या जन्माची कपाटं गणपतीच्या कारखान्यांत सापडतात. जोहे-हमरापूरपासून शहरातल्या आळ्यांपर्यंत कुठंही डोकवा. खालच्या खणात रंगाचे डबे, मधे स्प्रेगन, आणि वरच्या खणात, जिथं एके काळी दागिने असत, तिथं डोळ्यांची आखणी करणाऱ्याचे दोन-चार बारीक ब्रश. तेवढा खण कुलपात. कारखान्याचा मालकसुद्धा त्या ब्रशांना हात लावत नाही.

सध्या भाच्याचा डोळा आमच्या हिच्या कपाटावर आहे. "मामी, नवं घ्या की लाकडी," असं तो दर दिवाळीला सुचवतो. आमचं कुटुंब धोरणी. ती म्हणते, "ने की. आरसा तेवढा न फोडता काढून दाखव." गेल्या तीन दिवाळ्या भाचा आरशाचे स्क्रू बघून, तेल सोडून, फराळ करून परत जातो.