ओरखडा ते निर्लेखन

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात भेटणारे 'राइट' हे क्रियापद मुळात लिहिण्याचे नव्हतेच. जुन्या इंग्रजीतील 'व्रीतन' म्हणजे ओरखडणे, कोरणे. जर्मनमध्ये फाडणे या अर्थाचे 'राइसन' हे त्याचेच भावंड. रून अक्षरे लाकडावर, हाडावर, दगडावर कोरली जात, म्हणून ओरखडणे हेच लिहिणे झाले. पुढे लॅटिन आली. जर्मनांनी 'स्क्रीबेरे'वरून 'श्रायबन' घेतले. इंग्रजांनी मात्र लेखणी नवी घेतली आणि क्रियापद जुनेच ठेवले. आपले 'लिहिणे' ज्या 'लिख्' धातूतून आले, त्याचाही पहिला अर्थ ओरखडणे हाच. हे दोन शब्द नात्याने सख्खे नाहीत, पण त्यांच्यामागचा अनुभव एकच आहे.

कोरलेले सहज पुसत नाही, म्हणून या क्रियापदाला अधिकार चिकटला. 'रिट' म्हणजे राजाचा लेखी हुकूम. आज आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 32 आणि 226 मुळे तोच शब्द सरकारविरुद्ध दाद मागणाऱ्या नागरिकाच्या हाती आला आहे. ईस्ट इंडिया कंपनीत 'रायटर' म्हणजे सर्वांत खालचा कारकून. रॉबर्ट क्लाइव्ह 1744 मध्ये मद्रासला उतरला तो याच हुद्द्यावर. लंडनमध्ये सागरी विम्याच्या कराराखाली सही करून जोखीम पत्करणारा तो 'अंडररायटर'. लिहिले की बांधले गेले, हा अर्थ या सर्वांत आहे.

उलटा अर्थ 'राइट ऑफ'मध्ये दिसतो, आणि घोटाळाही तिथेच होतो. बँकेने कर्ज 'राइट ऑफ' केले की अनेकदा 'कर्ज माफ' अशी बातमी येते. प्रत्यक्षात ती रक्कम ताळेबंदातून निघते. कर्जदाराची देणेदारी तशीच राहते आणि वसुलीही चालू राहू शकते. माफी वेगळी, तिथे देणेच संपते.

सरकारी मराठीत यासाठी 'निर्लेखन' हा शब्द आहे. मोडकळीस आलेल्या वर्गखोल्यांच्या संदर्भात जिल्हा परिषदांच्या कागदांत तो सर्रास आढळतो. मी त्याला बरीच वर्षे रुक्ष, घडवलेला शब्द समजत होतो. मग आयुर्वेदातील दिनचर्येत 'जिह्वानिर्लेखन' सापडले: जीभ खरवडणे. म्हणजे 'राइट ऑफ'ला प्रतिशब्द म्हणून आपण जो शब्द वापरतो, तो 'राइट'च्याच मूळ अर्थापाशी, खरवडण्यापाशी, येऊन थांबतो.

आणि तो नेमकाही आहे. खरवडले जाते ते वहीतले अक्षर. देणे तसेच राहते. 'माफी' लिहिणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.