खानदेशातील भूमिउपयोगाचे नियोजन

खानदेशातील भूमिउपयोगाचे नियोजन : जळगाव, धुळे व १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांच्या प्रदेशात कोणती जमीन शेतीस, कोणती वनास वा वस्तीस द्यावी, हे ठरविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्री, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमवाहिनी तापी अशी या प्रदेशाची रचना आहे. तापीकाठची खोल गाळाची काळी जमीन, शिंदखेड्याकडील कमी पावसाची माळराने आणि अक्राणीचा डोंगराळ मुलूख यांना एकच नियम लावणे कोणत्याही राजवटीस सोपे गेले नाही.

येथील सर्वांत जुनी व कदाचित सर्वांत समंजस योजना कोणत्याही सरकारने केलेली नाही. पांझरा, मोसम, आरम इत्यादी नद्यांच्या खोऱ्यांत, विशेषतः साक्री तालुक्यात व लगतच्या नाशिक जिल्ह्यात, फड पद्धती रूढ होती. ती किमान तीन-चारशे वर्षांची मानली जाते. नदीवर दगडी बंधारा घालून पाट काढावयाचा व भिजणाऱ्या क्षेत्राचे सामान्यतः तीन-चार फड पाडावयाचे. एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस असल्यास दुसऱ्यात भात वा गहू, आणि दरवर्षी पिकांची अदलाबदल, असा क्रम असे. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो सर्व फडांत विखुरलेली असल्यामुळे उसाचा लाभ आणि पाणीटंचाईचा तोटा दोन्ही सर्वांच्या वाट्यास येत. पाणी अपुरे पडेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवीत. एकट्यादुकट्याचे शेत मात्र तोडीत नसत. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे, राखणीचे जागल्याकडे असे व त्यांचा मोबदला धान्यरूपाने मिळे. पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करावयाची असे. स्वतःच्या शेतात काय पेरावे हे एकट्याने ठरविण्याचा हक्क शेतकऱ्याने येथे सोडलेला असे, आणि त्याबदल्यात त्यास पाण्याची हमी मिळे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील नोकरीच्या आरंभी याच पांझरेच्या खोऱ्यात काम केले. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी सुचविलेल्या ठोकपद्धतीचे फडाशी असलेले साम्य लक्षणीय आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा होळकर-पेंढाऱ्यांच्या धामधुमीने व १८०३-०४ च्या दुष्काळाने अनेक गावे ओस पडली होती. पहिला कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे करून तेथे आखीव रस्त्यांची नवी पेठ वसविली. शेतजमिनीची पद्धतशीर नोंद मात्र तीस वर्षांनंतर सुरू झाली. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याची मोजणी-पद्धती निश्चित केली होती : खोली, पोत व दोष पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरवावयाची, पावणेदोन हात खोलीच्या उत्तम काळ्या जमिनीस सोळा आणे आणि उथळ, खडकाळ जमिनीस उतरत्या क्रमाने कमी. त्यावर बसविलेला सारा तीस वर्षे कायम राहावयाचा होता. कागदावर ही रचना न्याय्य होती. परंतु ज्यांची जमीन मोजावयाची त्यांना कोणी विचारले नव्हते. मोजणी म्हणजे सारावाढ, असाच तिचा अर्थ लोकांनी घेतला. १८५२ मध्ये सावदा, यावल, फैजपूर व एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी मोजणीस उघड विरोध केला. मोजणीचे काम थांबले. लष्कर पाठवून पुढाऱ्यांना पकडल्यावरच ते पुढे चालू झाले. या उठावाची इतिहासात व्हावी तेवढी नोंद झालेली नाही. त्या मोजणीचे सर्व्हे नंबर, व एकत्रीकरणानंतरचे गट, हेच पुढे सातबारा उताऱ्याचे व आजच्या विकास योजनांच्या नकाशांचे अधिष्ठान ठरले.

डोंगराळ भागाची कथा निराळी आहे. १८७८ च्या वन अधिनियमानंतर सातपुड्यातील विस्तृत क्षेत्र राखीव झाले व भिल्ल, पावरा, तडवी यांची पिढीजात शेती अतिक्रमण गणली जाऊ लागली. सपाटीवरील आदिवासींच्या जमिनी कर्जापायी इतरांकडे गेल्या. शहादे भागात १९७२ मध्ये श्रमिक संघटनेने हा प्रश्न ऐरणीवर आणला. १९७४ साली अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा राज्य अधिनियम झाला. वनजमिनीवरील हक्कांची कायदेशीर मान्यता २००६ च्या केंद्रीय अधिनियमापर्यंत लांबली.

संपूर्ण प्रदेशाचा एकत्र विचार करण्याची कायदेशीर तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये झाली. तत्पूर्वीचे १९१५ व १९५४ चे अधिनियम नगरांपुरते होते. नव्या अधिनियमानुसार शासन एखादे क्षेत्र ‘प्रदेश’ म्हणून घोषित करते. प्रादेशिक नियोजन मंडळ विद्यमान वापराची पाहणी करून निवास, उद्योग, शेती, वने, खनिजे यांसाठी जमिनीची वाटणी सुचविते. आणि प्रारूपावर हरकती मागविण्यास किमान चार महिन्यांची मुदत द्यावी लागते. १८५२ च्या मानाने ही मोठीच सुधारणा होय. तथापि अशा योजनेची दृष्टी शहराकडून गावाकडे जाते. शहराभोवतीची वाढ रेखाटून झाल्यावर जे उरते ते नकाशावर हिरव्या रंगाने ‘शेती विभाग’ म्हणून दाखविले जाते. त्यातील बागायत व कोरडवाहू यांतील भेद बहुधा त्या रंगात बुडून जातो.

खानदेशात हा भेदच निर्णायक आहे. रावेर, यावल व चोपडे तालुक्यांतील केळीच्या बागा मुख्यतः विहिरी व कूपनलिका यांवर पोसल्या असून भूजलपातळी खोल गेली आहे. या पाण्याचे पुनर्भरण सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या पट्ट्यातून होते. म्हणजे केळीचे भवितव्य बागेबाहेरील जमिनीच्या वापरावर अवलंबून आहे. पांझरेच्या खोऱ्यातही वरच्या बाजूस मालनगाव, लाटीपाडा यांसारखी धरणे झाली, उपसा वाढला व नदीचा बारमाही प्रवाह आटला; परिणामी बहुतेक फड मोडले. जळगाव व धुळे या नगरपालिकांच्या २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे सु. ४.६ लाख व ३.७५ लाख होती. त्यांच्या सीमेलगतच्या शेतजमिनींची अकृषिक परवानगी मात्र १९६६ च्याच जमीन महसूल संहितेखाली महसूल खात्याकडे राहिली. त्यामुळे वापराचा आराखडा एका खात्याने करावयाचा, तो बदलण्याची अनुज्ञा दुसऱ्याने द्यावयाची, आणि पाण्याचा हिशेब तिसऱ्याने ठेवावयाचा, अशी विभागणी दीर्घकाळ चालत आली.