रिओहा प्रदेशातील उन्हाळी प्रवास

उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या वरच्या खोऱ्यात वसलेला रिओहा हा वाइनसाठी जगप्रसिद्ध असलेला प्रदेश होय. ला रिओहा हा स्वायत्त प्रांत (क्षेत्रफळ ५,०४५ चौ. किमी.; राजधानी लोग्रोन्यो) १९८२ मध्ये अस्तित्वात आला; तथापि रिओहा वाइनचे क्षेत्र त्याच्या सीमा ओलांडून शेजारच्या आलावा व नाव्हारा या प्रांतांतही पसरलेले आहे. उत्तरेकडील सिएरा कांताब्रिया ही डोंगररांग अटलांटिक महासागरावरून येणारे थंड, दमट वारे अडविते. त्यामुळे खोऱ्यातील उन्हाळा बराच कोरडा असून तो द्राक्षवेलींना मानवतो. परंतु वेलींना वरदान ठरलेल्या याच डोंगरांनी समुद्राची वाट दुर्गम करून ठेवली. माणसे दर उन्हाळ्यात या प्रदेशात येत राहिली. येथील वाइनला मात्र बाहेर पडण्यास कित्येक शतके लागली.

येणाऱ्यांत प्रथम उल्लेख करावा लागतो तो यात्रेकरूंचा. सांत्यागो दे कॉम्पोस्तेला येथील संत जेम्सचा सण २५ जुलैला येतो. साहजिकच त्या क्षेत्राची वाट चालणाऱ्यांची उन्हाळ्यात गर्दी होई. अकराव्या शतकात हा यात्रामार्ग लोग्रोन्यो व नाहेरा या गावांवरून जाऊ लागला. ओहा नदीकाठच्या रानात राहणाऱ्या दोमिंगो (१०१९–११०९) या विरक्त पुरुषाने झाडी तोडून फरसबंद रस्ता केला, नदीवर पूल बांधला आणि यात्रेकरूंसाठी रुग्णालय व धर्मशाळा उभारली. तेथे वाढलेल्या गावाला सांतो दोमिंगो दे ला काल्सादा (रस्त्याचा संत दोमिंगो) हेच नाव पडले. निर्दोष यात्रेकरूला फासावरून वाचविल्याच्या आख्यायिकेची खूण म्हणून तेथील कॅथीड्रलमध्ये आजही जिवंत कोंबडा व कोंबडी ठेवतात. १०९५ मध्ये लोग्रोन्योला मिळालेल्या सनदेने या मार्गावर वस्ती करणाऱ्यांना सवलती दिल्या. जवळच्या सान मिल्यान मठाशी संबंधित असलेला तेराव्या शतकातील कवी गोंसालो दे बेर्सेओ आपल्या काव्याबद्दल पेलाभर चांगल्या वाइनची अपेक्षा व्यक्त करतो, ती याच परिसरातील. यात्रेकरू मात्र वाइन पिऊन पुढे जात. व्यापार म्हणावा असे त्यातून फारसे काही घडत नसे.

उन्हाळा हा वाइनचा शत्रूही होता. मागील हंगामाची, मुरवण्याची सोय नसलेली वाइन पुढच्या उन्हाळ्याच्या उष्म्यात बिघडे. म्हणून ती जमिनीखाली खोदलेल्या थंडगार तळघरांत ठेवीत. लोग्रोन्योमध्ये अशी तळघरे थेट रस्त्यांखाली होती. गाड्यांच्या हादऱ्यांनी वाइन ढवळली जाऊन खराब होऊ नये, म्हणून १६३५ मध्ये तेथे काही रस्त्यांवर गाड्यांना बंदी करण्यात आली. डोंगरापलीकडे वाइन जाई ती चामड्याच्या बुधल्यांतून, खेचरांच्या पाठीवर. या अडचणीची जाण उत्पादकांना पुरेपूर होती. १७८७ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघाने द्राक्षमळ्यांपेक्षा रस्ते बांधण्याकडेच प्रथम लक्ष दिले, ही गोष्ट बोलकी आहे. त्याच सुमारास लाबास्तीदा गावच्या मान्वेल किंतानो या धर्मगुरूने बॉर्दोच्या पद्धतीने ओकच्या पिंपांत वाइन मुरविली. १७९५ मध्ये ती हवानापर्यंत पाठविण्यात आली व टिकली. पण सर्वांच्या वाइनला एकच दर, या स्थानिक निर्बंधापुढे मुरविण्याचा खर्च भरून निघेना आणि प्रयोग थांबला. प्रवास सोसणारी वाइन सिद्ध होऊनही गावकीच्या नियमांनी तिला घरीच बसविले.

ही कोंडी लोहमार्गाने फोडली. १८६३ मध्ये तूदेला–बिल्बाओ मार्ग आरो गावावरून जाऊ लागला. त्याच वर्षी दक्षिण फ्रान्समध्ये फायलोक्सेरा या वेलींची मुळे शोषणाऱ्या सूक्ष्म कीटकाचा उपद्रव प्रथम दिसून आला. पुढील दोन दशकांत फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त होत गेले आणि बॉर्दोचे व्यापारी आगगाडीने आरोत दाखल झाले. रेल्वे स्थानकालगतच एकामागून एक वाइनगृहे उभी राहिली : लोपेस दे एरेदिया (१८७७), कूने (१८७९), ला रिओहा आल्ता (१८९०). १८९० मध्ये विजेचे सार्वजनिक दिवे लावणाऱ्या स्पेनमधील अगदी पहिल्या गावांत आरोची गणना होते. रिओहाची ओकमध्ये मुरलेली वाइन मध्ययुगापासून अखंड चालत आल्याचे पर्यटनपुस्तिकांतून सुचविले जाते, ते खरे नाही. तिची घडण प्रामुख्याने या काळातील आहे.

ही भरभराट दुसऱ्याच्या संकटावर उभी होती. १८९२ मध्ये फ्रान्सबरोबरचा अनुकूल व्यापारी करार संपला आणि १८९९ मध्ये फायलोक्सेरा रिओहातही पोहोचला. मळे वाळले, अनेक कुटुंबांनी त्याच आगगाडीने बंदर गाठून अर्जेंटिना, चिली इ. देशांची वाट धरली. अमेरिकी खुंटांवर कलमे करून मळे पुन्हा उभे करण्यात बरीच वर्षे गेली. १९२५ मध्ये रिओहा या नावाला अधिकृत संरक्षण मिळाले. १९९१ मध्ये स्पेनमधील सर्वोच्च दर्जा मिळविणारा हा पहिला वाइन प्रदेश ठरला.

अलीकडील प्रवाशाचा उन्हाळा सुरू होतो २९ जूनला. त्या दिवशी आरोजवळील बिलीबिओच्या कड्यांवर पांढऱ्या पोषाखातील हजारो लोक एकमेकांना लाल वाइनने भिजवून काढतात. या ‘वाइनच्या लढाई’चा संबंध परंपरेने आरो व मिरांदा दे एब्रो यांच्यातील जुन्या सीमातंट्याशी जोडतात. २२ जुलैला आंग्यानो येथे तरुण उंच लाकडी काठ्यांवर उभे राहून, गिरक्या घेत उताराच्या बोळातून खाली येतात. एल्सिएगो येथील फ्रँक गेरीकृत हॉटेल (२००६) व ब्रियोनेसचे वाइन संग्रहालय (२००४) यांनी पर्यटकांचा ओघ वाढविला. तथापि वाइनगृहांतील खरी लगबग पाहावयाची, तर द्राक्षतोडणीचा शरद ऋतूच गाठावा लागतो. २१ सप्टेंबरच्या सुमारास लोग्रोन्योच्या सान मातेओ उत्सवात नवी द्राक्षे पायांनी तुडवून पहिला रस व्हालव्हानेराच्या माउलीस अर्पण करतात.