जेसपचे चेंडू कोणी मोजले नाहीत

लंडनचं ओव्हल मैदान, 13 ऑगस्ट 1902. दोन्ही संघांचे गुणलेखक शेजारी शेजारी बसलेत आणि त्यांच्या पाठीमागे तुम्हाला उभं राहायला जागा मिळाली आहे. पावसाने खेळपट्टी भिजलेली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकायला इंग्लंडला 263 धावा हव्यात आणि 48 धावांत निम्मा संघ तंबूत परतलाय. कमरेत वाकून उभा राहणारा नवा फलंदाज येतो. हा गिल्बर्ट जेसप.

उपाहाराला तो 29 वर नाबाद असतो. त्यानंतर जे होतं ते पाहताना तुमची नजर मैदानावरून हटत नाही. पण जरा वहीकडेही बघा. गोलंदाजाने चेंडू टाकला, धाव निघाली नाही, की गुणलेखक गोलंदाजाच्या चौकटीत एक टिंब देतो. धाव निघाली तर आकडा दोन ठिकाणी पडतो, गोलंदाजाच्या चौकटीत आणि फलंदाजाच्या नावापुढे. निर्धाव चेंडूची नोंद मात्र एकट्या गोलंदाजाच्या खात्यावर. तो कोणी खेळला, जेसपने की समोरच्या स्टॅन्ली जॅक्सनने, हे फलंदाजाच्या ओळीत कुठेच उतरत नाही.

तेवढ्यात जेसपचा एक फटका थेट पॅव्हेलियनवर जाऊन आदळतो. तुम्ही दोन्ही हात वर करता. गुणलेखक शांतपणे 4 लिहितो. षटकारासाठी चेंडू मैदानाच्या पार बाहेर जावा लागतो. नुसती सीमारेषा ओलांडण्याला सहा धावा मिळायला अजून आठ वर्षं आहेत. म्हणजे ज्या खेळीला सगळं इंग्लंड वेगाचा कळस म्हणेल, तिच्या धावाही त्या काळच्या नियमाने कापूनच वहीत येत आहेत.

शतक होतं 75 मिनिटांत. 104 वर जेसप बाद होतो, शेवटच्या जोडीतले हर्स्ट आणि ऱ्होड्स उरलेल्या 15 धावा काढतात, इंग्लंड एका गड्याने जिंकतं. गर्दी मैदानात घुसायच्या आत गुणलेखकाला विचारा, चेंडू किती? त्याला प्रश्नच कळणार नाही. मिनिटं तो लगेच सांगेल. पुढे अभ्यासकांनी जुन्या नोंदी जुळवून 76 चेंडू हा आकडा काढला. त्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार आहे.

तीनच वर्षांनी, 1905 मध्ये, सिडनीचा बिल फर्ग्युसन ऑस्ट्रेलियन संघाचा गुणलेखक म्हणून इंग्लंडला निघतो. ते काम मिळावं म्हणून तो दंतवैद्य असलेल्या कसोटीपटू मॉन्टी नोबलकडे दात दाखवायला गेला होता! त्याच्या वहीत प्रत्येक षटकाला एक ओळ असते आणि कोणता चेंडू कोणी खेळला हे त्या ओळीतच दिसतं. फलंदाजाचे फटके कुठे गेले याच्या रेषाही तो काढतो. आज पडद्यावर जो फटक्यांचा पंखा फिरतो, तो या माणसाच्या पेन्सिलीतून आला. बीबीसीच्या बिल फ्रिंडलने ही पद्धत पुढे घासूनपुसून आणखी नेटकी केली.

पण जुन्या वह्या सहज सुटत नाहीत. ऑगस्ट 1920, नॉर्दॅम्प्टन. सरेचा पर्सी फेंडर 35 मिनिटांत शतक ठोकतो. चेंडू 40 होते की 46, यावर आजही एकमत नाही. 1983 मध्ये लँकेशायरचा स्टीव्ह ओशॉनेसी बरोबर तेवढ्याच, 35 मिनिटांत शतक करतो. गोलंदाज मुद्दाम सोपे चेंडू टाकत होते. मिनिटांच्या यादीत दोघे एका रांगेत बसले. चेंडू मात्र ओशॉनेसीला 54 लागले. घड्याळ फलंदाजाबरोबर गोलंदाजाची लगबगही मोजतं. नुसत्या मिनिटांवर विक्रम ठरवणं हा फेंडरवर अन्याय आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता मुंबईत या. वानखेडे, 10 जानेवारी 1985, रणजी सामन्यात बडोद्याविरुद्ध मुंबईचा दुसरा डाव. फलंदाज रवी शास्त्री. गेल्याच आठवड्यात कलकत्त्याच्या कसोटीत याने 111 धावांसाठी सात तासांहून जास्त वेळ घेतला होता, त्यामुळे तुमच्या शेजारचे प्रेक्षक फार काही आशा धरून बसलेले नाहीत. पहिलं शतक 72 मिनिटांत, 80 चेंडूंत. मग डावखुरा फिरकीपटू तिलक राज चेंडू हातात घेतो आणि त्या षटकात सहाच्या सहा चेंडू सीमेपार जातात. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये याआधी हे फक्त गॅरी सोबर्सने केलं होतं, 1968 मध्ये स्वॉन्सीला. दुसऱ्या टोकाला गुलाम परकार 33 वर नाबाद आहे. दोघांच्या 204 धावांच्या अभेद्य भागीदारीत त्याचा वाटा इतकाच.

दुसरं शतक: 41 मिनिटं, 43 चेंडू. एकूण 200 धावा 113 मिनिटांत, 123 चेंडूंत, 13 चौकार आणि 13 षटकारांसह. वेळेच्या हिशेबाने प्रथम श्रेणीतलं तोवरचं सर्वांत जलद द्विशतक. यापूर्वीचा 120 मिनिटांचा विक्रम 1903 मध्ये होव्हला झाला होता, नंतर क्लाइव्ह लॉइडने त्याची बरोबरी केली होती. होव्हचा तो फलंदाजही जेसपच. शास्त्रीने त्याला सात मिनिटांनी मागे टाकलं हे तुम्ही खात्रीने सांगू शकता; किती चेंडूंनी, ते नाही.