शिकार-सफारींची माहितीपत्रके

शिकार-सफारींची माहितीपत्रके : मोठ्या वन्य पशूंच्या शिकारीची मोहीम मोबदला घेऊन पार पाडणाऱ्या संस्था गिऱ्हाइकांसाठी ज्या पुस्तिका, दरपत्रके व जाहिराती छापीत, त्यांचा समावेश या संज्ञेत होतो. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द मूळ अरबी ‘सफर’ (प्रवास) या शब्दावरून आला असून मराठीतील ‘सफर’ त्याचाच सगोत्र होय. शिकाऱ्याला या पत्रकांतून सर्वांत अधिक हवी असे ती शिकारीची खात्री. अरण्यात नेमकी तीच देता येत नाही. या व्यवसायाचा इतिहास बऱ्याच अंशी याच पेचाभोवती फिरतो.

व्यवसायाचे आद्य केंद्र नैरोबी. मोंबासाहून निघालेला लोहमार्ग तेथे १८९९ मध्ये पोहोचला आणि पुढील दशकात न्यूलँड, टार्लटन अँड कंपनी ही संस्था शिकार-मोहिमांची व्यवस्था करू लागली. लंडन वा न्यूयॉर्कहून येणाऱ्या गिऱ्हाइकाचे कित्येक आठवडे समुद्रप्रवासातच जात. त्यामुळे पाऊस कोणत्या महिन्यांत, हमाल किती, तंबू व धान्य नैरोबीत मिळेल की बरोबर आणावे, बंदुका कोणत्या, या प्रश्नांची उत्तरे त्याला घर सोडण्यापूर्वीच हवी असत. हमालाचे ओझे सामान्यतः ६० पौंडांचे (सु. २७ किग्रॅ.) धरले जाई व त्यावरून खर्चाचा अंदाज बांधता येई. बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्याच्या परवान्यास ५० पौंड, म्हणजे ७५० रुपये पडत. त्या काळी पूर्व आफ्रिकेत हिंदी रुपयाच चालत असे. परवान्यात कोणते पशू किती मारता येतील हे ठरलेले असल्याने ती यादीच पुष्कळांना पत्रकाचा सर्वांत वाचनीय भाग वाटत असावी.

शिकाऱ्याचे दुसरे मागणे आकड्यांचे होते. रोलंड वॉर्ड यांनी १८९२ पासून शिंगांच्या व सुळ्यांच्या विक्रमी मापांच्या नोंदी प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून नुसता ‘हत्ती मिळेल’ हा मजकूर अपुरा ठरू लागला. सुळा किती पौंडांचा, शिंग किती इंच, असे गिऱ्हाईक विचारू लागले. प्रत्येक सुळा शंभर पौंड भरणारा हत्ती हे तर या मंडळींचे स्वप्नच होते.

थीओडोर रूझवेल्ट यांच्या १९०९-१० मधील मोहिमेने व्यवसायाला जी प्रसिद्धी दिली, ती कोणत्याही पुस्तिकेने दिली नसती. स्मिथसोनियन संस्थेसाठी नमुने गोळा करण्याच्या या मोहिमेत रूझवेल्ट व त्यांचे पुत्र करमिट यांनी मिळून ५१२ पशुपक्षी मारले. मोहिमेवरील त्यांचे पुस्तक १९१० मध्येच निघाले. गिऱ्हाईक संस्थेच्या स्वतःच्या शब्दापेक्षा पूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवते, हे यातून उघड झाले. अमेरिकन लेखक रॉबर्ट रुआर्क यांनी आपल्या सफारीवर १९५३ मध्ये पुस्तक लिहिले. त्यानंतर त्यांचा वाटाड्या हॅरी सेल्बी याच्याकडे पुढील कित्येक वर्षांची मागणी नोंदली गेली. वाटाड्या कोण हे शिकाऱ्याला आधी जाणून घ्यायचे असे, आणि ते रास्तच होते, कारण जखमी रानरेड्यासमोर संस्थेचे नाव कामी येत नाही. या धंद्यातील वाटाड्यांनी १९३४ मध्ये नैरोबीच्या नॉरफोक हॉटेलात आपला संघ स्थापिला व वर्तनाचे काही नियम स्वतःवर घालून घेतले. ओझी वाहणारे व माग काढणारे आफ्रिकन मात्र अशा पत्रकांत बहुधा केवळ संख्येनेच येत.

भारतात हा व्यवसाय स्वातंत्र्यानंतर विस्तारला. संस्थाने विलीन झाली, विमानप्रवास सुलभ झाला आणि परकीय चलन मिळत असल्याने पर्यटन खात्यानेही उत्तेजन दिले. मध्य प्रदेशाची तत्कालीन राजधानी असलेल्या नागपुरात विद्याचरण शुक्ल यांनी ॲल्विन कूपर ही शिकार-संस्था काढली. हेच शुक्ल पुढे केंद्रीय मंत्री झाले. परदेशी पाहुणा येई तो मुख्यतः वाघासाठी, आणि त्याच्यापाशी वेळ असे दोन-तीन आठवड्यांचा. पाऊलखुणा वाचीत पायी हिंडण्यास एवढा अवधी पुरत नाही. तेव्हा राखून ठेवलेल्या शिकारगटात ठिकठिकाणी रेडकू बांधायचे, वाघाने ते मारले की मचाण उभारायचे, किंवा गावकऱ्यांकडून हाका घालून वाघ बंदुकीपुढे आणायचा, हीच रीत रूढ झाली. काही संस्था तर वाघावर गोळी झाडण्याची संधी मिळेलच, अशी हमी देत. या हमीतील शब्दयोजना पाहण्यासारखी आहे : वचन संधीचे, वाघाचे नव्हे, नेम चुकला तर दोष गिऱ्हाइकाचा. तरीही अशी हमी विकण्यासाठी वाघ पुरेसे असावे लागतात, आणि ते तसे आहेत काय हे तपासण्याची तोशीस व्यवसायाने क्वचितच घेतली. जंगलतोड, चोरटी शिकार आणि कातड्यांचा व्यापार ही ऱ्हासाची मोठी कारणे होतीच. परंतु परवानाधारक शिकार त्यातून वगळता येत नाही.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियम झाला व १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. १९७२ च्या गणनेत देशात सु. १,८०० वाघ आढळले होते. केन्याने १९७७ मध्ये शिकार बंद केली आणि त्याच वर्षी नैरोबीचा वाटाड्यांचा संघ विसर्जित झाला. टांझानिया, नामिबिया, दक्षिण आफ्रिका इ. देशांत हा व्यवसाय आजही कायदेशीर आहे. केन्यातील केर अँड डाउनीसारख्या १९४६ पासूनच्या संस्था छायाचित्रण-सफारींकडे वळल्या. पत्रकांतील तंबू, मोटारी व ऋतूंची माहिती तशीच राहिली. बंदुकांच्या यादीच्या जागी कॅमेऱ्यांसंबंधीच्या सूचना आल्या.