आधी मास्तर घडवला, मग शाळा काढली

परवा तालुक्यातल्या एका झेडपीच्या शाळेत बातमीसाठी गेलो होतो. वर्ग चार, शिक्षक दोन. टेबलावर मोबाइल उभा करून ठेवलेला आणि त्यावर प्रशिक्षणाचा व्हिडिओ आपला चालूच. गुरुजी शेजारी बसून पोषण आहाराची माहिती भरत होते. विचारलं, "सर, हे बघता कधी?" म्हणाले, "बघायचं नसतं हो, संपवायचं असतं. संपलं की सर्टिफिकेट येतं." दोघंही हसलो. पण गाडीवरून परत येताना ते हसू घशात अडकलं. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस त्या गुरुजींनाच जायची.

तेव्हापासून डोक्यात सातारा घोळतोय.

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटलं की आपल्याला आठवतात ती पांढरी दाढी, रयतचा वटवृक्ष आणि बोर्डिंगातल्या पोरांसाठी दागिने मोडणाऱ्या लक्ष्मीबाई. २२ सप्टेंबरला जयंतीची भाषणं होतात, हार पडतात. पण कर्मवीरांनी कशानंतर काय उभं केलं, तो क्रम कोणी नीट बघत नाही. माझ्या मते खरा धडा त्या क्रमातच आहे.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग आलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. आता पुढची पायरी कोणती? तुम्ही-आम्ही असतो तर सरळ हायस्कूल काढलं असतं, इमारत बांधून पाटी लावली असती. भाऊरावांनी १९३५ मध्ये काढलं ते प्राथमिक शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज! नाव सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज, पुढे त्याचंच महात्मा फुले अध्यापक विद्यालय झालं.

नावातला 'रूरल' शब्द महत्त्वाचा. खेड्यात शाळा चालवायची तर खेड्यात राहणारा, तिथली माती आणि माणसं ओळखणारा मास्तर पाहिजे, आणि तो आयता मिळत नाही, घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार आलं आणि खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळा काढायला वाव मिळाला. तेव्हा भाऊरावांकडे तयारी होती. बघता बघता या शाळा पाचशेच्या वर गेल्या. जिथे शाळाच नव्हती, तिथे देवळात, चावडीत, कुणाच्या ओसरीवर वर्ग भरले. इमारत नव्हती, पण मास्तर होता.

हायस्कूल आलं त्यानंतर. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल. तिथे 'कमवा आणि शिका'. पोरं शेतात राबायची, बांधकामावर दगड-माती वाहायची आणि शिकायची. हा फक्त फी वाचवायचा मार्ग नव्हता. हाताला काम आणि डोक्याला विचार ही दोन वेगळी शिक्षणं नाहीत, असं भाऊरावांचं म्हणणं. संस्थेचं ब्रीदच स्वावलंबी शिक्षण. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. हायस्कुलं वाढली तसे पदवीधर आणि प्रशिक्षित शिक्षक लागणार, म्हणून १९५५ मध्ये साताऱ्यातच माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज.

आता ही साखळी एकदा नीट बघा. बोर्डिंगातला पोरगा ट्रेनिंग कॉलेजात, तिथून मास्तर होऊन गावात. त्याच्या हाताखालचा पोरगा हायस्कुलात, मग कॉलेजात, आणि शिकवण्याचं शिक्षण घेऊन परत शाळेत. प्रत्येक पायरी वरच्या पायरीला विद्यार्थी देते आणि खालच्या पायरीला शिक्षक. आणि हे करणारा माणूस स्वतः इंग्रजी सहावीच्या आसपास थांबलेला.

उगाच जुनं ते सोनं म्हणत नाही. त्या व्हॉलंटरी शाळांतल्या मास्तरांना तुटपुंज्या पैशात दिवस काढावे लागले. त्यागावर व्यवस्था चालवा, असं आज कुणी म्हणत असेल तर तो शिक्षकांवर अन्याय आहे. आणि आज आपल्याकडे सरकारी यंत्रणा आहे की! १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट आली. केंद्रप्रमुख आहेत, केंद्राची शिक्षण परिषद भरते. २०२० च्या धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितलंय. कागदावर काहीच कमी नाही.

कमी आहे ती जोडणी. प्रशिक्षण एकीकडे, वर्ग दुसरीकडे. व्हिडिओत सांगितलेलं चौथीच्या वर्गात उतरलं का, हे मागच्या बाकावर बसून बघणारं कोणी नाही. भरीला १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पात्रता तपासायला हरकत नाही. पण परीक्षा मोजते, घडवत नाही. वजनकाट्यावर रोज उभं केल्याने पोरगं बाळसं धरत नाही, त्याला जेवायला घालावं लागतं.

म्हणून एवढंच सांगतो. गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा. रंगरंगोटी आणि संरक्षक भिंतीचा विषय झाला की एक प्रश्न विचारा: आमचे गुरुजी, आमच्या बाई यंदा नवीन काय शिकल्या आणि ते वर्गात बघायला कोण आलं? प्रश्न शिक्षकांवर रोखू नका, त्यांच्या बाजूने उभं राहून वरच्यांना विचारा.

भाऊरावांना जयंतीचा हार नको असावा. हा प्रश्न चालला असता.