हैदराबादची पोलीस कारवाई (१९४८) : आगेकूच आणि मराठवाड्यातील ताबा

भारतीय सैन्याने १३ ते १८ सप्टेंबर १९४८ या काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानाविरुद्ध केलेली ही मोहीम ‘ऑपरेशन पोलो’ या सांकेतिक नावाने आखली गेली, तर लोकांमध्ये ती ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून ओळखली जाते. आगेकूच म्हणजे सैन्याने प्रतिपक्षाच्या मुलखात पुढे सरकणे आणि ताबा म्हणजे त्या मुलखात सुरक्षा, न्याय व महसूल यांची घडी प्रत्यक्ष बसविणे. या दोहोंच्या गतीत केवढे अंतर पडू शकते, हे आजच्या लातूर व नांदेड जिल्ह्यांच्या इतिहासावरून दिसते.

मुख्य फळी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाली. १३ सप्टेंबरच्या पहाटे तिने बोरी नदीवरील मोक्याचा पूल हस्तगत करून नळदुर्ग घेतले आणि त्याच दिवशी दुपारी मोटारवाहू तुकडी सुमारे ६० किमी. आत उमरग्याला पोहोचली. पुढे राजेश्वर व जहीराबादमार्गे ही फळी राजधानीकडे सरकत असता, औरंगाबादच्या बाजूने आलेल्या सैन्याने १५ सप्टेंबरला जालना घेतले व त्यानंतर ते लातूर आणि मोमिनाबाद (अंबाजोगाई) या भागांत उतरले. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल्‌ एद्रूस यांनी शरणागती पत्करली. पक्के रस्ते, चिलखती गाड्या, हवाई दलाचे साहाय्य आणि संस्थानी फौजेचा दुबळा प्रतिकार ही या वेगाची प्रमुख कारणे होत.

हा वेग हमरस्त्यापुरता होता. निजामाचा अंमल कोसळला, तरी नवे प्रशासन आतल्या गावांत तितक्या लवकर पोहोचले नाही. रझाकार या निमलष्करी संघटनेच्या अत्याचारांमुळे आधीच साचलेला संताप या पोकळीत निरपराध मुस्लिम रहिवाशांवर उलटला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानाचा दौरा केला. संस्थानभर किमान २७,००० ते ४०,००० लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज तिने नोंदविला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे म्हटले. रझाकारप्रमुख कासिम रझवी ज्या गावी वकिली करीत होता, त्या लातुरात (तेव्हा उस्मानाबाद जिल्हा) हत्या २० दिवसांहून अधिक चालल्याचे समितीने लिहिले. हा अहवाल सरकारने त्या काळी प्रसिद्ध केला नाही.

सैन्याच्या हालचालींइतकीच काटेकोर तयारी खेड्यापाड्यांतील संरक्षणाची झाली असती, तर यांतील अनेक जीव वाचू शकले असते. त्यामुळे या मोहिमेचे मूल्यमापन केवळ पाच दिवसांच्या विजयावर करणे अपुरे ठरते. चौधरी यांनी लष्करी राज्यपाल म्हणून १९४९ अखेरपर्यंत कारभार पाहिला आणि जानेवारी १९५० मध्ये एम. के. वेल्लोडी यांच्या नेतृत्वाखाली मुलकी मंत्रिमंडळ आले. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.